बारावीत गणितात 94, रसायनशास्त्रात 52: नामांकित संस्थेची वाट उरली आहे का?

कृष्णाकाठ | 8 मे, रात्री 11.10

नमस्कार. निकाल लागल्यापासून घरात कुणाचंच कशात लक्ष नाही, म्हणून शेवटी इथे विचारते आहे.

आम्ही कराडजवळ राहतो. मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमात होता, अकरावीला सायन्स घेतलं. बारावीचे गुण असे: इंग्रजी 71, मराठी 84, गणित 94, भौतिकशास्त्र 86, भूगोल 88 आणि रसायनशास्त्र 52. एकूण 600 पैकी 475, म्हणजे 79.17 टक्के. रसायनच्या 52 मध्ये लेखीचे 70 पैकी 25 आणि प्रात्यक्षिकाचे 30 पैकी 27.

गणित म्हणजे त्याचा जीव. शाळेत असताना गणित प्रावीण्य आणि प्रज्ञा या परीक्षा दिल्या, अकरावीत गणित ऑलिंपियाडच्या पहिल्या फेरीतून (आयओक्यूएम) प्रादेशिक फेरीपर्यंत (आरएमओ) गेला. रात्री झोप म्हटलं की "एवढं एक गणित" म्हणतो आणि दीड तास उठत नाही. रसायनचं मात्र अकरावीतच बिनसलं. त्याच्या कॉलेजात त्या विषयाचे शिक्षक वर्षात तीनदा बदलले, मधले दोन महिने वर्गावर कुणीच नव्हतं. शिकवणी लावायला मी उशीर केला, ते मला आता फार लागतंय.

इंजिनिअरिंगच्या जेईई मेन आणि सीईटी या प्रवेश परीक्षा दिल्या आहेत. मेनमध्ये रसायननेच खाली ओढलं. ह्यांचं म्हणणं इंजिनिअरिंगला घालू. मुलाला गणितच शिकायचंय. नातेवाइकांचं एकच पालुपद, "एका विषयानं घात केला." आयसर, आयएसआय या संस्थांची नावं ऐकून आहे, पण आमच्यात त्या वाटेने कुणी गेलेलं नाही. हा 52 चा आकडा आता प्रत्येक दारात आडवा येणार का?

सह्यवारा | 8 मे, रात्री 11.52

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. 80 च्या खाली गेलं की मोठ्या संस्था अर्जसुद्धा बघत नाहीत. एक वर्ष थांबवा, पुन्हा बारावी द्यायला लावा.

रानजाई | 9 मे, सकाळी 7.05

सह्यवारा, असं सरसकट लिहू नका हो. आई आधीच घाबरलेली आहे.

माझ्या मुलीला बारावीला भौतिकशास्त्रात 58 होते. आज ती पुण्यात सीओईपी या इंजिनिअरिंगच्या संस्थेत धातुशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला बोर्डाचे गुण लागतात ते फक्त पात्रतेपुरते. खुल्या गटाला त्या तीन विषयांत मिळून 45 टक्के, राखीव गटांना 40. तुमच्या मुलाचे गणित, भौतिक, रसायन मिळून 300 पैकी 232 होतात, म्हणजे 77 टक्क्यांच्या वर. पात्रतेचा प्रश्नच नाही. पुढची यादी लागते ती सीईटीच्या पर्सेंटाइलवर, म्हणजे किती टक्के मुलं आपल्या मागे आहेत त्यावर, आणि सीईटीत 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे, भौतिक 50, रसायन 50. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे कच्च्या विषयाचं ओझं तिथे तिसऱ्या हिश्श्याचं नसतं, चौथ्या हिश्श्याचं असतं. माझ्या मुलीनं भौतिकमध्ये घालवलेलं गणितात भरून काढलं. गुण समान झाले तरी आधी गणिताचं पर्सेंटाइल बघतात.

तेव्हा तुमच्या ह्यांना इंजिनिअरिंगच हवं असेल तर सीईटीचा निकाल येईपर्यंत 52 वरून काहीही ठरवू नका.

खडूफळा | 9 मे, सकाळी 9.40

मी कनिष्ठ महाविद्यालयात 31 वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. 70 पैकी 25 हा आकडा वाचून मला राहवलं नाही.

पहिलं काम: उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. मंडळाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्ज होतो आणि मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते. गुण वाढतीलच असं मी म्हणत नाही. पण भौतिकमध्ये 86 मिळवणारा मुलगा रसायनच्या लेखीत 25 वर थांबतो, तेव्हा कुठे गळती झाली ते त्याच्याच अक्षरात दिसायला हवं.

आता पेपर बघा. 10 गुण बहुपर्यायी, 8 गुण एका वाक्यातली उत्तरं. मग दोन-दोन गुणांचे 12 पैकी 8, तीन-तीन गुणांचे 12 पैकी 8 आणि चार-चार गुणांचे 5 पैकी 3. इतके पर्याय असताना 25 येतात याचा अर्थ मुलानं प्रकरणंच्या प्रकरणं सोडून दिली. पुस्तकात 16 प्रकरणं. त्यातली पहिली सहा पाहा: स्थायू अवस्था, द्रावणे, आयनिक समतोल, ऊष्मागतिकी, विद्युतरसायन, रासायनिक गतिकी. यात सूत्रं आहेत, लॉगॅरिदम आहे, आलेख आहेत. गणिताच्या मुलाला ही घरचीच वाटायला हवीत. हॅलोजन अनुजातांपासून पुढे कार्बनी रसायन सुरू होतं, तिथे अशी मुलं बिचकतात. कारण तिथे आधी पुष्कळ उदाहरणं डोळ्यांखालून घालावी लागतात, मग नियम दिसतो. गणितात वाढलेल्या मुलाला नियम आधी हवा असतो.

त्याला एवढंच विचारा, पहिल्या सहा प्रकरणांवरचं किती सोडवलं? उत्तर इथे लिहा.

कृष्णाकाठ | 9 मे, दुपारी 2.15

सर, विचारलं. सुरुवातीला बोलेना. मग म्हणाला, पहिल्या सहापैकी चार प्रकरणं केली होती, तीही स्वतः पुस्तक वाचून. विद्युतरसायन आणि कार्बनी भाग "कुणी शिकवलाच नाही, पाठ करायला गेलो तर डोक्यात राहिना" म्हणून सोडला. छायाप्रतीसाठी आजच अर्ज करते.

रानजाई, तुमचं उत्तर ह्यांना वाचून दाखवलं. दोन दिवसांत पहिल्यांदा ते शांत बसून ऐकत होते.

पायथ्याशी | 9 मे, रात्री 10.30

कृष्णाकाठताई, तुमची पोस्ट वाचून मला माझी आई आठवली. मला बारावीला रसायनशास्त्रात 47 होते. आज मी गणित शिकवतो, गणितातच पीएचडी केली आहे. सविस्तर लिहितो, कारण माझ्या वेळी हे सांगणारं कुणी नव्हतं.

संस्था कोणतीही असो, आधी एकच विचारायचं: तिची यादी कशावर लागते? तुमच्या मुलाच्या बाबतीत दर ठिकाणी याचं उत्तर वेगळं आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते त्याच्या बाजूचं आहे.

भारतीय सांख्यिकी संस्था, म्हणजे आयएसआय. प्रशांतचंद्र महालनोबिसांनी 1931 मध्ये कोलकात्यात काढलेली. तिथे बी.स्टॅट. आणि बंगळुरूच्या केंद्रात बी.मॅथ. शिकवतात. अर्जासाठी बारावीत गणित आणि इंग्रजी असावं लागतं. परीक्षा फक्त गणिताची, दोन-दोन तासांचे दोन पेपर. पहिल्यात 30 बहुपर्यायी प्रश्न. त्याची गुणपद्धत नीट समजून घ्यायची: बरोबर उत्तराला 4, कोऱ्या सोडलेल्याला 1, चुकलेल्याला शून्य. दुसऱ्या पेपरात 8 प्रश्न, आणि त्यांत सिद्धता पूर्ण लिहून दाखवायची. आरएमओला बसलेल्या मुलाला सिद्धता लिहिणं म्हणजे काय हे ठाऊक असतं. नुसत्या क्लासच्या तयारीवर आलेल्या मुलांना ते जड जातं. निवडलेल्या मुलांना विद्यावेतन मिळतं. जुन्या प्रश्नपत्रिका संस्थेच्या संकेतस्थळावर आहेत, आजच उतरवून त्याच्या हातात द्या.

दुसरी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, सीएमआय, चेन्नईजवळ सिरुसेरीला. गणित आणि संगणकशास्त्राच्या बी.एस्सी.साठी तिथेही गणिताचीच प्रवेश परीक्षा. बारावीच्या रसायनवर तिथली यादी लागत नाही.

तिसरी नेस्ट. या परीक्षेतून भुवनेश्वरजवळच्या नायझर या विज्ञान संस्थेत आणि मुंबईत कलिना परिसरातल्या अणुऊर्जा विभागाच्या सीईबीएस या विज्ञान केंद्रात पाच वर्षांचा एम.एस्सी. अभ्यासक्रम मिळतो. पेपरात जीव, रसायन, गणित, भौतिक असे चार विभाग, आणि गुणवत्ता यादीला त्यातले सर्वोत्तम तीन धरतात. मात्र तुमच्या मुलानं जीवशास्त्र घेतलेलं नाही. त्यामुळे त्याचा तिसरा विभाग रसायनच होणार. तिथे सुटका नाही, फक्त ओझं थोडं हलकं.

चौथी आयसर, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था. पुण्यात पाषाणला 2006 पासून आहे. त्यांच्या परीक्षेत चारही विषयांचे 15-15 प्रश्न, एकूण 240 गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात, आणि यादी बेरजेवर. जीवशास्त्र नाही आणि रसायन कच्चं, म्हणजे अर्धा पेपर लंगडा. आहे हे असं आहे, उगीच आशा लावत नाही.

या सगळ्यांचे यंदाचे अर्ज होऊन गेले आहेत. पण आयसरला आदल्या वर्षी बारावी झालेली मुलंही बसतात, नेस्ट आणि आयएसआयलाही पुढच्या वर्षी बसता येईल. प्रत्येक माहितीपत्रक निघाल्याच्या दिवशी त्या वर्षीचे नियम वाचायचे, ही एक सवय लावून घ्या.

आता माझी वाट. मी यातल्या कुठेच लागलो नाही, कारण मला या संस्था माहीतच नव्हत्या. पुण्यात साध्या बी.एस्सी.ला गणित घेतलं. रविवार भास्कराचार्य प्रतिष्ठानच्या ग्रंथालयात जायचे. 1976 पासून ती जागा नुसत्या गणितासाठी उभी आहे. दुसऱ्या वर्षी माधव गणित स्पर्धा दिली. एस. पी. महाविद्यालयाचा तिच्या आयोजनात मोठा वाटा, आणि ती देशभरातल्या बी.एस्सी.च्या मुलांसाठी असते. त्या उन्हाळ्यात एमटीटीएस या गणित प्रशिक्षण कार्यक्रमाचं शिबिर मिळालं. तिथे शिक्षक व्याख्यान देत नाहीत, प्रश्न विचारत राहतात, आणि तुम्हाला समजलं नाही हे मोकळेपणी म्हणायला शिकवतात. माझं सगळं गणित त्या चार आठवड्यांत नव्यानं सुरू झालं. तिसऱ्या वर्षी जॅम दिली. एम.एस्सी.साठीची ती परीक्षा एकाच विषयाची, तीन तास नुसतं गणित. तिच्यावर आयआयटीत गेलो. पुढे पीएचडीच्या मुलाखतीत फळ्यापाशी उभं करून एकसमान संततता विचारली. रसायनचं नाव त्या खोलीत निघालं नाही.

सह्यवारा | 9 मे, रात्री 11.20

पायथ्याशी, मला हे माहीत नव्हतं. कालचं माझं उत्तर चुकीचं होतं, ताई, माफ करा. पण आयआयटी-एनआयटीला बारावीत 75 टक्क्यांची अट आहे ना? त्यात रसायन आडवं येत असेल.

रानजाई | 10 मे, सकाळी 6.50

त्यातही बसतो तो. पाच विषय धरतात: गणित, भौतिक, रसायन, दोन भाषांपैकी जास्त गुणांची एक, आणि उरलेल्यांतला सर्वोत्तम. 94, 86, 52, 84 आणि 88. बेरीज 404, म्हणजे 80.8 टक्के. इंग्रजीचे 71 बाजूला पडले म्हणून मूळ टक्केवारीपेक्षा हे जास्त येतात.

खरा अडसर वेगळा आहे, आयआयटीच्या प्रवेश परीक्षेत. जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या यादीत यायला एकूण गुणांखेरीज प्रत्येक विषयात वेगळे किमान गुण लागतात. गणितात पैकीच्या पैकी घेतले तरी रसायनमध्ये त्या रेषेखाली राहिला तर क्रमांकच मिळत नाही.

अंगणवेल | 10 मे, दुपारी 1.00

पायथ्याशी यांना अनुमोदन, पण एक गोष्ट राहिली. मी स्वतः नायझरमध्ये शिकले, म्हणून लिहिते. प्रवेशाला तीन विभाग धरले तरी पहिल्या वर्षी चारही विषय सगळ्यांना घ्यावे लागत, प्रयोगशाळेसकट. आयसरमध्येही सुरुवातीला सगळे विषय असतात. माझ्या वर्गातला एक मुलगा गणितात आम्हा सगळ्यांच्या पुढे होता आणि पहिल्या सत्रात रसायनमध्ये अडकला. एकटा पडला, खोलीतून बाहेर येईना. पुढे सावरला, पण ते सहा महिने फार वाईट गेले त्याचे.

म्हणून त्याला या वाटेने जायचं असेल तर रसायनची भीती इथेच, घरी असताना घालवा. प्रवेश मिळाल्यावर बघू असं करू नका. रसायन अजिबातच नको असेल तर आयएसआय आणि सीएमआय याच त्याच्या खऱ्या जागा.

कृष्णाकाठ | 10 मे, रात्री 9.30

हे पुढचं मुलाच्या बाबांनी सांगितलं, मी टाइप करते आहे.

"सगळ्यांना नमस्कार. मी एसटीत नोकरीला आहे. मुलाची हुशारी मला दिसते, मला त्याला अडवायचं नाही. पण साधं बी.एस्सी. करून आमच्या गावातली तीन मुलं आज घरी बसलेली आहेत. इंजिनिअरिंग केलं तर निदान नोकरी तरी लागते. गणित शिकून पोट भरतं का, हे मला कुणीतरी खरं सांगा."

पायथ्याशी | 10 मे, रात्री 11.05

दादा, प्रश्न रास्त आहे. माझ्या वडिलांनीही हाच विचारला होता.

नुसत्या पदवीवर, काहीही जोड न देता, अवघड जातं. हे खरं आहे आणि तुमच्या गावातली उदाहरणंही खरी आहेत. पण आयएसआय, सीएमआयमधून बाहेर पडलेल्यांना बँका, विमा, संख्याशास्त्र, संगणकाचं काम या सगळीकडे मागणी असते, आणि अध्यापन-संशोधनाची वाट वेगळी. साध्या कॉलेजातून करायचं तर गणिताबरोबर संख्याशास्त्र घ्यायला लावा आणि प्रोग्रॅमिंग पहिल्याच वर्षी सुरू करू द्या. माझ्या बॅचमधले दोघं विम्यातली जोखीम मोजायच्या अ‍ॅक्चुअरी परीक्षा देऊन पुढे गेले, त्याही मुख्यतः गणित आणि संख्याशास्त्रावरच्या. घरी बसतात ती मुलं बहुतेक वेळा इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही म्हणून बी.एस्सी.ला आलेली असतात. तुमचा मुलगा स्वतःहून येतोय.

सीईटीचा निकाल येऊ द्या. प्रवेशाचा अर्ज भरून ठेवा, दोन्ही दारं उघडी राहतील. आणि शेवटी ठरवताना त्याला समोर बसवून ठरवा, एवढी विनंती.

खडूफळा | 11 मे, सकाळी 8.20

अंगणवेल यांचं पटलं. कृष्णाकाठताई, मुलाची तयारी असेल तर रविवारी सकाळी 10 ते 11 मी फोनवर बसेन. पैसे वगैरे विषय काढू नका. विद्युतरसायनपासून सुरुवात करू, त्यात त्याला स्वतःचं गणित सापडेल. छायाप्रत आली की मला पाठवा. पाठवताना आसनक्रमांक झाका.

श्रेणीसुधार योजनेतून पुन्हा परीक्षा देता येते, पण यंदा जून-जुलैत घाईनं बसवू नका. गुण कुठेही अडत नाहीत हे वर स्पष्ट झालंच आहे. आधी विषय समजू दे.

कृष्णाकाठ | 13 जुलै, रात्री 10.15

दोन महिन्यांनी लिहिते आहे, सगळ्यांना कळवायचं होतं.

छायाप्रतीत गुण काही वाढले नाहीत. शेवटची सहा पानं कोरी होती. ती बघून मुलगा म्हणाला, "आई, मला वाटत होतं त्याहून कमी लिहिलंय मी." पुनर्मूल्यांकनाला टाकलं नाही.

सीईटीचं पर्सेंटाइल 96 च्या थोडं वर आलं. त्यावर सांगली-कोल्हापूरकडची इंजिनिअरिंगची कॉलेजं मिळत होती. ह्यांनी त्याला समोर बसवून विचारलं. तो म्हणाला, एक वर्ष द्या, बी.एस्सी. करत करत आयएसआय, सीएमआय आणि नेस्ट देतो, नाही जमलं तरी बी.एस्सी. चालूच राहील, वर्ष फुकट जाणार नाही. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून येताना पुण्याच्या बसची वेळ विचारून आले.

पुण्यात गणित आणि संख्याशास्त्र घेऊन प्रवेश झाला. कॉलेजचं वसतिगृह मिळालं नाही, सदाशिव पेठेत तिघांत एक खोली घेतली आहे. खडूफळा सरांचा रविवारचा तास एकदाही चुकलेला नाही. मागच्या रविवारी मी स्वयंपाकघरात होते, फोन स्पीकरवर होता. अभिक्रियेचा वेग काढताना हा एकदम ओरडला, "सर, हे तर अवकल समीकरण आहे, हे असं का नाही लिहीत पुस्तकात?" आणि सर पलीकडून हसत होते.

पायथ्याशी, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. भास्कराचार्य प्रतिष्ठानच्या ग्रंथालयात पहिल्या वर्षाच्या मुलाला बसू देतात का, आणि माधव स्पर्धेचा अर्ज कॉलेजमार्फत करायचा की स्वतः?

पायथ्याशी | 13 जुलै, रात्री 10.50

आमच्या वेळी आत जाऊन सांगितलं की बसू देत असत. तरी पहिल्यांदा जाताना कॉलेजचं ओळखपत्र बरोबर असू दे. स्पर्धेचं त्याच्या गणित विभागात विचारायला सांगा, तिथे कुणीतरी सर ते काम बघत असतील. मी येत्या शनिवारी पुण्यात आहे. त्याला सवड असेल तर दुपारी 4 ला प्रतिष्ठानपाशी भेटू, आणि त्यानं सोडवलेली आयएसआयची एखादी सिद्धता बरोबर आणू दे, खाडाखोड असलेलीच.